हाकेला ओ देणारी नावं

पात्राला नाव देणं हे कथाकाराचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जोखमीचं काम आहे. मामला एक-दोन शब्दांचा, पण ते शब्द चुकले तर पुढची दोनशे पानं ते पात्र दुसऱ्याचा सदरा घालून फिरल्यासारखं दिसतं. जमले, तर पुस्तकाचं कथानक विसरलं तरी नाव जिभेवर राहतं. मराठीत अशी जमलेली नावं पुष्कळ आहेत. त्यांतली काही जवळून न्याहाळली की एक गोष्ट ध्यानात येते. नाव लेखकानं ठेवलेलं असलं, तरी वाचताना ते कथेतल्याच कुणीतरी ठेवल्यासारखं वाटायला हवं. आईनं, आजीनं, गावानं, वर्गातल्या पोरांनी, कुणीही. ज्या नावामागे हाक मारणारं माणूस ऐकू येतं, तेच नाव टिकतं.

नवी मुंबईच्या अगदी शेजारी याचा फार सुंदर दाखला आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. खालची गर्द झाडी पक्षी अभयारण्याची आणि वरचा उभा कातळ आग्या मोहोळांचा. पावसाळ्यात वाशी-नेरुळ-खारघरकडची माणसं इथे सहलीला येतात. याच परिसरातल्या ठाकरांवर गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ ही कादंबरी लिहिली. ठाकरांचा लिंगोबाचा डोंगर तो हाच. १९७७ साली जब्बार पटेल यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि मोहन आगाशे यांचा नाग्या व स्मिता पाटील यांची चिंधी घराघरांत पोचली.

कथा थोडक्यात अशी. भगताचा पोर नाग्या ढोल वाजवतो. त्याला पुण्यवंत व्हायचं आहे, लिंगोबाच्या डोंगरावरचा देव डोळ्यांनी पाहायचा आहे. त्या ओढीनं तो निघतो आणि राणीमाशी त्याच्या डोळ्यालाच डसते. डोळा जातो. आपलं काय चुकलं, हा प्रश्न त्याला सोडत नाही आणि त्या प्रश्नातून सूड उभा राहतो: डोंगरावरचं मोहोळ उतरवायचंच. नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. शेवटी जैत होते, पण माश्यांच्या डंखांनी चिंधी जाते.

आता या दोन नावांकडे पाहा. लिंगाभोवती नाग असतो, हे आपण गावोगावच्या पिंडींवर पाहत आलो आहोत. लिंगोबाच्या दर्शनाची ज्याला लहानपणापासून आस लागली आहे, त्याचं नाव नाग्या. त्याची ओढ जणू त्याच्या बारशातच लिहिलेली आहे. नागाची जागा महादेवापाशी, आणि हा नाग तिथे पोचायच्या आत त्यालाच डंख बसतो. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे नाग डूख धरतो, अशी आपल्याकडची जुनी समजूत. कादंबरीचा पुढचा सगळा भाग म्हणजे नाग्यानं धरलेला डूखच आहे. दांडेकरांनी हे सगळं योजून केलं असेल, नाहीतर ठाकरवाडीत कानावर आलेलं नाव तसंच उचललं असेल. वाचकाला त्याची चौकशी करण्याचं कारण नाही. नाव कथेच्या आत शिरून काम करतं आहे, एवढं पुरे.

आणि तो ‘नाग्या’ आहे, नागेश किंवा नागोजी नाही. शेवटच्या ‘ग्या’त सगळी वाडी आहे. या नावाला आडनाव लागत नाही, पुढे ‘श्री’ लागत नाही. डोंगराच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला हाक मारायची तर असंच नाव हवं, दोन अक्षरांचं, शेवट लांबवता येणारं. ढोल वाजवणाऱ्या पोराला हे नाव शोभतंच, कारण त्या दोन अक्षरांत ढोलाच्या दोन ठोक्यांचा जोर आहे.

हे नाव या मातीतलं आहे याची साक्ष इतिहासही देतो. कर्नाळ्यापासून फार दूर नसलेल्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं हुतात्मा झाली. त्यांची नावं वाचताना अंगावर काटा येतो, आणि एका हरवत चाललेल्या नामसंस्कृतीचं दर्शनही होतं. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर, नवशा महादेव कोळी, आलू बेमट्या म्हात्रे. नवसानं झालेला तो नवशा, भावंडांत धाकटा तो धाकू. घरात काय घडलं, कधी घडलं, आईबाप कुठल्या देवाला काय बोलले होते, ते नावातच नोंदवलेलं. बुधवारी जन्मला तो बुधा, ही रीतही तीच. दांडेकरांनीच ‘माचीवरला बुधा’ लिहिताना राजमाचीच्या म्हाताऱ्याला तेच नाव दिलं. कॅलेंडर नसलेल्या घरांत माणसाचं नाव हीच जन्माची नोंद होती. दांडेकर हे सगळं पायी हिंडून ऐकत होते. त्यांच्या पात्रांची नावं खरी वाटतात, कारण ती आधी त्यांच्या कानांनी ऐकलेली आहेत.

चिंधीकडे मात्र जास्त वेळ थांबायला हवं. फाटक्या, टाकाऊ कापडाच्या तुकड्याचं नाव पोटच्या पोरीला कोण देतं? आपल्याकडे देत आले आहेत. मूल जगत नसेल तर त्याला दृष्ट लागू नये, सटवीनं त्याच्याकडे पाहू नये म्हणून धोंडू, दगडू, केरू, उकिरडा अशी नावं ठेवली जात. ओंगळ नावाच्या आड मूल लपवायचं, म्हणजे मरण त्याला ओलांडून पुढे जाईल, ही त्यामागची वेडी माया. पण मुलींच्या बाबतीत या रीतीला दुसरी, फार कडू बाजू होती. नको असताना झालेल्या मुलीलाही असंच नाव मिळे. सिंधुताई सपकाळ यांचं लहानपणीचं नाव ‘चिंधी’च होतं. सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’ हे नाव कागदोपत्री वागवणाऱ्या दोनशेहून अधिक मुलींना २०११ साली सरकारी पुढाकारानं समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. म्हणजे ‘चिंधी’ हे नाव ऐकताच मराठी वाचकाच्या मनात दोन शक्यता उभ्या राहतात: ही पोर फार हवीहवीशी होती म्हणून चिंधी, की नकोशी होती म्हणून? कादंबरीचं पान उलटण्याआधीच नावानं प्रश्न घातलेला असतो.

आणि मग ती चिंधी वागते कशी? टाकून दिल्यासारखी मुळीच नाही. तीच नवऱ्याला टाकते. आपल्याला कोण हवं हे तीच ठरवते आणि वाडीसमोर ताठ मानेनं सांगते. नाव आणि माणूस यांच्यातला हा ताण दांडेकरांनी कुठेही बोलून दाखवलेला नाही. ती जेवढी तेजस्वी होत जाते, तेवढं तिचं नाव आपल्याला बोचत जातं. एखाद्या नायिकेला सुंदर नाव देऊन तिचं सौंदर्य वाढवता येतं, ही सोपी वाट. तिला फाटकं नाव देऊन तिच्या वागण्यातून तिचं सौंदर्य उभं करायचं, ही अवघड वाट आहे. दांडेकरांनी ती धरली.

चिंधीला आपल्या लोककथेत आणखी एक जागा आहे. श्रीकृष्णाचं बोट कापलं तेव्हा बांधायला चिंधी हवी होती आणि द्रौपदीनं उंची वस्त्र फाडून ती दिली, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. जखम बांधायला चिंधीच लागते. डोळा गमावलेल्या, देवावर रुसलेल्या नाग्याच्या जखमेला जे बांधलं गेलं, त्याचं नावही चिंधी. ही गोष्ट लक्षात ठेवून कादंबरीचा शेवट वाचला की विजयाच्या क्षणी ती का जाते, ते एरवीपेक्षा जास्त लागतं.

दांडेकरांची ही एक तऱ्हा झाली, मातीतून नाव उचलण्याची. तिच्या अगदी दुसऱ्या टोकाला राम गणेश गडकरी उभे आहेत. ‘एकच प्याला’ हे नाटक गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातली नावं संस्कृत वळणाची, कोरीव. नायक सुधाकर म्हणजे चंद्र. नायिका सिंधू म्हणजे समुद्र. समुद्रमंथनाची कथा आठवा. त्या मंथनातून चंद्र निघाला, अमृत निघालं, सुरा निघाली आणि हलाहलही निघालं. सुधा म्हणजे अमृत, तेच ज्याच्या नावात आहे तो सुधाकर सुरेच्या आहारी जातो आणि शेवटी विष घेतो. चंद्र, सिंधू, सुधा, सुरा, विष, सगळं त्या एका संसारात घुसळून निघतं. सुधाकराच्या विधवा बहिणीचं नाव शरद, सिंधूच्या भावाचं पद्माकर. चांदणं, तळं, कमळं. किती निर्मळ नावांचं कुटुंब गडकऱ्यांनी रचलं आणि एका पेल्यात बुडवलं! त्यातच भगीरथ येतो. तो व्यसनातून बाहेर पडतो आणि समाजाच्या कामाला लागतो. गंगा आणणाऱ्याचं नाव दारू सोडणाऱ्याला देणं, यात गडकऱ्यांची श्रद्धा दिसते.

आणि या सगळ्या कोरीव नावांच्या मधोमध गडकरी एक रांगडं नाव सोडून देतात: तळीराम. बाकीची नावं पंडितांची आहेत, हे एकटंच रस्त्यावरचं आहे. ‘राम’ असूनही त्यात राम उरलेला नाही. आणि गंमत अशी की नाटकाबाहेर पडून मराठी भाषेत कायमची वस्ती केली ती याच नावानं. आजही वर्तमानपत्रात ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा येतो आणि ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांनाही तो समजतो. पात्राचं नाव भाषेतला शब्द होणं, याहून मोठं यश नाव ठेवणाऱ्याला मिळत नाही.

विनोदी लेखनात नावाचं काम आणखी नाजूक असतं. नावातच विनोद भरला तर पात्राचा विदूषक होतो. चिं. वि. जोशींनी हे किती हलक्या हातानं केलं, ते पाहण्यासारखं आहे. चिमणरावांचं घर डोळ्यांसमोर आणा. बायको कावेरी, तिची हाक ‘काऊ’. मुलं मोरू, राघू आणि मैना. चिमणा, काऊ, मोर, राघू, मैना! मध्यमवर्गी बिऱ्हाडात लेखकानं अख्खं पाखरांचं झाड वसवलं आहे. तरीही यातलं एकही नाव खोटं वाटत नाही, कारण त्या काळच्या पुण्या-बडोद्याच्या कोणत्याही घरात या हाका ऐकू येत होत्या. मूळ कल्पना विनोदी आहे, पण एकेक नाव सरळ, साधं, घरगुती आहे. त्यामुळे वाचक हसतो तो त्या घरावर माया ठेवून. आणि या हलक्याफुलक्या पाखरांत एकच जड नाव आहे, गुंड्याभाऊ. उच्चारून पाहा. ‘चिमण’ म्हणताना ओठ जेमतेम हलतात, ‘गुंड्या’ म्हणताना तोंड भरतं. अंगापिंडानं दांडगा, सडाफटिंग गुंड्याभाऊ आणि भित्रा चिमणराव ही जोडी नावांच्या आवाजातच ठरून गेली आहे. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती उभी केली तेव्हा ती नवखी वाटली नाही, कारण तिचा आवाज लोकांच्या कानात आधीच बसला होता.

टोपणनावाची कळा याहून वेगळी. नाव आईबाप देतात, टोपणनाव लोक देतात. नाव आशेनं ठेवलेलं असतं, टोपणनाव अनुभवानं. म्हणून टोपणनावात माणसाचा इतिहास असतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या अंतू बर्व्याला रत्नागिरी ‘अंतूशेट’ म्हणते. कधीकाळी त्यानं बंदरावर दुकान टाकलं होतं. ते केव्हाच बुडालं, शेट तेवढा उरला. एका बिरुदात पुलंनी माणसाचं सगळं अपयश सांगून टाकलं आहे, आणि आळीतली माणसं ते बिरुद रोज, सहज, हाकेत वापरतात. त्यात टोचणी आहे आणि आपलेपणही आहे. बर्वेचं ‘बर्वा’ करणारी कोकणी जीभ तीच, आणि त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारी माणसंही तीच. याच पुस्तकाला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली व्यक्तिचित्रं अजूनही वाचली जातात, त्यात नावांच्या निवडीचा वाटा मोठा आहे. पुस्तकी भाषेत बोलणाऱ्या पोराचं नाव सखाराम गटणे ठेवणं ही तर कमाल आहे. त्याचं बोलणं संस्कृताच्या गगनात आणि नाव घट्ट जमिनीवर. त्याच्याबद्दल वाटणारी सगळी कणव या दोहोंतल्या अंतरातून येते.

पोरांनी दिलेलं टोपणनाव कसं असावं, ते भा. रा. भागवतांनी दाखवलं. फुरसुंगीचा बनेश फेणे. त्याचं ‘बनेश’ हे नाव किती वाचकांना चटकन आठवेल? तो फास्टर फेणेच झाला. गावाचा ‘फ’, आडनावाचा ‘फ’ आणि टोपणनावाचाही ‘फ’, तीन पावलांत धावत सुटल्यासारखा आवाज. शाळेतल्या मुलांची भाषा अशीच असते, कुठला शब्द कुठल्या भाषेतला याची तमा न बाळगणारी. मोठ्या माणसानं ठरवून दिलेलं टोपणनाव मुलं लगेच ओळखतात आणि टाकून देतात. हे त्यांनी टाकलं नाही. भागवतांचा कान मुलांच्या मधल्या सुट्टीत होता, त्याचंच हे फळ.

पण नावाचा प्रश्न सगळ्यांसाठी कान आणि कल्पना यांच्यापुरता नाही. काहींसाठी तो जखमेचा प्रश्न आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. ते आत्मकथन आहे, तरी पात्राच्या नावाचा विचार करणाऱ्यानं ते वाचलंच पाहिजे. कारण तिथे एकाच माणसाच्या दोन नावांना दोन माणसं करून समोरासमोर बसवलं आहे. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एक गावकुसाबाहेर जन्मलेला, दुसरा लेखक झालेला. शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असं असावं, असं मनुस्मृतीत सांगितलेलं आहे. ज्या समाजांवर हे शतकानुशतकं लादलं गेलं, त्यांच्या ‘दगडू’त नजर न लागण्याची माया किती आणि लादलेला अपमान किती, हे वेगळं काढता येत नाही. दगडू आणि दया, दोन्ही ‘द’नं सुरू होतात. पहिल्यात दगड आहे, दुसऱ्यात करुणा. पण पवारांनी दगडूला पुसून टाकलं नाही. गोष्ट सांगण्याचा मान त्यालाच दिला. मराठी गद्यात नावाचा इतका धाडसी आणि इतका सच्चा उपयोग दुसरा झालेला माझ्या पाहण्यात नाही.

या सगळ्या उदाहरणांतून लिहिणाऱ्यासाठी काय निघतं? गडकरी पुराणातून नावं आणतात, दांडेकर वाडीतून, चिं. वि. घरातून, पुलं आळीतून, भागवत शाळेतून, आणि पवार स्वतःच्या जन्मदाखल्यातून. वाटा वेगवेगळ्या, पण प्रत्येकाला आपल्या पात्राला कोण हाक मारतं हे पक्कं ठाऊक आहे. सुधाकर हे नाव हौसेनं पंचांग उघडणाऱ्या सुखवस्तू घरातलं आहे, तर नाग्या डोंगरातल्या भगताच्या घरातलं. नावांची अदलाबदल करून पाहा, दोन्ही कथा जागच्या जागी कोसळतील.

आज नवी मुंबईत बसून लिहिणाऱ्यांची संख्या वाढते आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. तेव्हापासून इथे आगरी-कोळ्यांची जुनी गावं आणि देशभरातून आलेल्या माणसांच्या वसाहती एकमेकांना लागून उभ्या राहिल्या. घणसोली, दिवाळे, सानपाडा, करावे या गावांत पाटील आणि म्हात्रे इतके की नुसत्या नाव-आडनावानं माणूस सापडत नाही, घराची ओळख आणि टोपणनाव लागतंच. शेजारच्या सोसायटीत दारावरच्या पाट्यांवर दहा प्रांतांची आडनावं असतात. एकाच मुलाला घरी एक नाव, शाळेत दुसरं, खेळाच्या मैदानावर तिसरं. कथाकाराला याहून श्रीमंत नामसंपदा कुठे मिळणार? तरीही इथल्या नव्या कथांत, मालिकांत आणि वेबसिरीजमध्ये पुन्हापुन्हा तीच गुळगुळीत, कुठल्याच गावाची नसलेली नावं भेटतात. ऐकायला गोड, पण त्यांना हाक मारणारी आजी नाही, चिडवणारा मित्र नाही, बिरुद चिकटवणारी आळी नाही. नावं आधुनिक आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. आरव आणि रियाही खऱ्या घरांतच जन्मतात. पण त्या घरानं तेच नाव का निवडलं, आजोबांना ते उच्चारता येतं का, शाळेतल्या पोरांनी त्याचं काय केलं, हे लेखकाला माहीत असायला हवं. ते कथेत आलं नाही तरी चालेल. माहीत असलं की नावात वजन उतरतं.

लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना म्हणून एवढीच विनंती. नावांच्या याद्या चाळण्याआधी आपल्या पात्राच्या घरी जाऊन या. त्याच्या आईला विचारा, शेजाऱ्याला विचारा, त्याच्यावर रुसलेल्या मित्राला विचारा. तिघंही त्याला वेगवेगळ्या नावानं हाक मारतील. त्यातल्या ज्या हाकेला ते पात्र मागे वळून ओ देईल, तेच नाव कथेच्या पहिल्या ओळीत लिहा.